मिडसेमला ४० पैकी ९ पडले, एमटेक सोडून देऊ का?

एका वाचकाचं मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

वाचक २५ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. तालुक्याच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग दोन वर्षं पुण्यात एका आयटी कंपनीत पायथनवर काम. नोकरी करता करता गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा डेटा सायन्स आणि एआयचा पेपर दिला, रँक चांगला आला आणि एका आयआयटीत एआयच्या एमटेकला नंबर लागला. गावात अभिनंदनाचा बॅनर लागला होता. आता पहिलं सेमिस्टर चालू आहे आणि मिडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, प्रोबॅबिलिटीत ४० पैकी ९ पडलेत, लिनिअर अल्जेब्रात त्याहून थोडे बरे.

तो लिहितो, "ताई, कोडिंगच्या असाइनमेंटला मला पूर्ण मार्क आहेत, पायटॉर्च ही एआयची लायब्ररी येते, मॉडेल ट्रेन करून दाखवतो, पण सर फळ्यावर प्रूफ (सिद्धता) सुरू करतात आणि तिसऱ्या ओळीला माझा हात सुटतो. वर्गात बाकी सगळ्यांना कळत असतं. हे गणित आपल्यासारख्यांचं नाहीच असं वाटायला लागलंय. आणि खरं सांगायचं तर तयार कोडच्या लायब्ऱ्या आहेत, चॅटजीपीटी सगळा कोड लिहून देतं, मग ही प्रूफं कशासाठी शिकायची तेही कळत नाही. जुने मॅनेजर परत ये म्हणतायत, ९ लाखांचं पॅकेज देतील. इथे महिन्याला १२,४०० स्टायपेंड आहे आणि त्यासाठी आठवड्याला आठ तास टीएचं, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदतीचं, काम. एंडसेमच्या आधीच सोडून द्यावं का? वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही."

आधी झोपेचं बोलू. तू ते अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयस, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. रात्र रात्र जागून प्रोबॅबिलिटीतलं कंडिशनल एक्स्पेक्टेशन डोक्यात शिरत नाही, कुणाच्याच नाही. कॅम्पसवर काउन्सेलर असतात, त्यांची वेळ घे, तिथे बोललेलं सहसा बाहेर जात नाही आणि ग्रेडशी त्याचा काही संबंध नसतो. एखाद्या रात्री फारच वाईट वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हे मी रीत म्हणून लिहीत नाहीये, खरंच फोन कर. राहायचं की सोडायचं ते नंतर ठरव, काही दिवस नीट झोपल्यावर ठरव.

आता ते ९ मार्क. वर्गाचा मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचे मार्क, किती होता ते तू लिहिलंच नाहीस. आयआयटीत बहुतेक कोर्सना रिलेटिव्ह ग्रेडिंग असतं, म्हणजे ९ चांगले की वाईट ते वर्गावर ठरतं. मीडियन १३ असेल तर तू थोडासा मागे आहेस, २८ असेल तर बराच मागे आहेस, आणि दोन्हीत करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, तेव्हा हा आकडा आधी विचारून घे. मग तपासलेला पेपर घेऊन बस आणि गेलेल्या ३१ मार्कांपुढे एकेक कारण लिही, प्रश्नच कळला नाही, सुरुवात सुचली नाही, मध्येच अडकलो, की आकडेमोड चुकली. मी शिकवत होते तेव्हा मुलांना हे करायला लावायचे आणि बहुतेकांचे मार्क "सुरुवात सुचली नाही" यात गेलेले असायचे. तुझेही तिथेच गेले असणार असा माझा अंदाज आहे.

का ते सांगते. मी बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे पेपर शिकवलेत. त्या पेपरात काय येतं ते तुला माहितीच आहे, थ्री बाय थ्री मॅट्रिक्स देतात, आयगेन व्हॅल्यू काढा, केली-हॅमिल्टन व्हेरिफाय करा, लाप्लास ट्रान्सफॉर्म काढा. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवले, व्हीआयएमपी (हमखास येणारे) प्रश्न केले की हुशार मुलाला १०० पैकी ८५ पडतात, आणि या सगळ्यात त्याला कुणी कधी विचारत नाही की बाबा ही आयगेन व्हॅल्यू काढलीस म्हणजे नक्की काय शोधलंस, आणि सिमेट्रिक मॅट्रिक्सला ती नेहमी रिअलच का येते. गेटही शेवटी उत्तर काढायचाच पेपर, पर्याय निवडा नाहीतर आकडा टाका, प्रूफ लिहा असं तिथे कुणी म्हणत नाही. तू या पद्धतीत खरोखर चांगला होतास म्हणून तिथवर पोचलास. आणि आता समोरचे सर म्हणतात, सिद्ध कर. हे तुला आजवर कुणी शिकवलेलंच नाही. न शिकवलेली गोष्ट येत नाही म्हणजे आपल्याला डोकंच कमी आहे असं तू धरून चाललायस, आणि तुझ्या पत्रातली मला मान्य नसलेली गोष्ट ही आहे. सिद्ध करणं हे सवयीचं काम आहे, काही महिने रोज हाताखालून गेलं की येतं, मी ते येताना बघितलंय.

दुसरा प्रश्न, लायब्ररी असताना प्रूफ कशाला. हा तू चिडून विचारला असशील तरी प्रश्न खरा आहे म्हणून नीट उत्तर देते. रिग्रेशनमध्ये, म्हणजे डेटावरून एखाद्या आकड्याचा अंदाज बांधताना, आपण एररचा वर्ग का घेतो? एमएसई लॉस, म्हणजे एररच्या वर्गांची सरासरी, तू कितीतरी वेळा लिहिला असशील. लजांद्रने १८०५ मध्ये लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत छापली आणि १८०९ मध्ये गाउसने तिचं नॉर्मल डिस्ट्रिब्युशनशी नातं दाखवलं. आजच्या भाषेत, नॉइज नॉर्मल आहे असं धरून मॅक्सिमम लाइकलिहुड (हातातला डेटा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त करणारं उत्तर) काढायला गेलास की वर्गांची बेरीज कमीत कमी करायची हे आपोआपच येतं. नॉइज लाप्लास डिस्ट्रिब्युशनचा धरलास की वर्ग जातो, अ‍ॅब्सोल्यूट एरर येतो. वेट्सवर नॉर्मल प्रायर (डेटा बघण्याआधीचा अंदाज) ठेवलंस तर रिज, लाप्लास प्रायर ठेवलंस तर लासो, आणि उत्तर हो किंवा नाही असंच असेल तर बर्नुली, त्यातून क्रॉस एन्ट्रॉपी निघते. लायब्ररीत ही पाच वेगळी नावं दिसतात आणि पाच वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करावी लागतात, वहीत मात्र ते सगळं मिळून एकदोन पानांचं गणित आहे. उद्या कंपनीत डेटामध्ये हजारो साध्या बिलांच्या मध्ये एखादं बिल ५० लाखांचं निघालं आणि मॉडेल त्याच्याकडे ओढलं गेलं, तर यातलं काय बदलायचं आणि का बदलायचं हे ज्याने ती दोन पानं हाताने लिहिलीत त्याला दिसतं.

आणि एलएलएमच्या, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मॉडेलच्या, काळात हे जुनं झालंय असं वाटत असेल तर त्यांच्या मुळाशी असलेला २०१७ चा ट्रान्सफॉर्मरचा पेपर उघड. अटेन्शनच्या फॉर्म्युल्यात क्वेरी आणि की यांचा डॉट प्रॉडक्ट घेतात आणि त्याला रूट डी-के ने भागतात, डी-के म्हणजे त्या व्हेक्टरमधल्या घटकांची संख्या. का भागतात? दोन्ही व्हेक्टरचे घटक इंडिपेंडंट, मीन शून्य, व्हेरिअन्स एक असे धर, मग डॉट प्रॉडक्टचा व्हेरिअन्स येतो डी-के. त्या पेपरात डी-के ६४ आहे, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन झालं ८. एवढे पसरलेले आकडे सॉफ्टमॅक्समध्ये, म्हणजे आकड्यांची वजनं करणाऱ्या फंक्शनमध्ये, घातले की तो जवळजवळ सगळं वजन एकाच जागी टाकतो आणि ग्रेडियंट इतका बारीक होतो की शिकणंच अडतं. रूट डी-के ने भागलं की स्टँडर्ड डेव्हिएशन परत १ वर येतं. आता सांग, यात कुठलं गणित लागलं? इंडिपेंडंट रँडम व्हेरिएबलच्या बेरजेचा व्हेरिअन्स, तुला ज्या कोर्सात ९ पडले त्याच कोर्सातलं. तू ज्याला प्रूफ म्हणून घाबरतोयस ते असं रोजच्या वापरातल्या मॉडेलच्या आत बसलेलं असतं, आणि मॉडेल बिघडलं की तिथेच हात घालावा लागतो.

"हे गणित आपल्यासारख्यांचं नाही" या वाक्याने मला फार वाईट वाटलं. डेटा थोडक्या दिशांत बसवायला तू पीसीए वापरतोस, म्हणजे कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सचे आयगेन व्हेक्टर. हीच कल्पना फंक्शन्ससाठी मांडली की तिला पुस्तकांत कारहुनेन आणि लोएव यांचं नाव लावतात, पण त्या दोघांच्या आधी, १९४३ मध्ये, दामोदर धर्मानंद कोसंबींनी ती मांडलेली होती. कोसंबी गोव्याचे, आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण तो पेपर आला तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत होते. क्लस्टरिंगमध्ये महालनोबिस डिस्टन्स वापरतोस तो १९३६ चा, कोलकात्याचा. हे गणित आपल्या लोकांनी आपल्याच गावांत बसून केलेलं आहे. तालुक्याच्या कॉलेजात त्याची ओळख करून दिली जात नाही, आणि त्याची शिक्षा तू स्वतःला का म्हणून देतोयस?

बरं, करायचं काय. तुझा हात कोडमध्ये चालतो ना, मग गणितात तिथूनच शिर. होफडिंगची इनइक्वालिटी झाली असेल नाहीतर होईल. नाणं १०० वेळा उडवलं तर छाप्याचं प्रमाण त्याच्या खऱ्या प्रमाणापासून ०.१ पेक्षा जास्त सरकायची शक्यता ०.२७ च्या वर जाणार नाही असं ती सांगते. पायथनच्या नमपाय लायब्ररीत दहा ओळी लिही, १०० वेळा साधं नाणं उडवणं, तेच एक लाख वेळा, आणि प्रत्यक्ष किती वेळा सरकलं ते मोज. पाच टक्क्यांच्याही आत येईल. मग साहजिक वाटतं की बाउंड, म्हणजे ०.२७ ची ही वरची मर्यादा, इतका ढिला का? तर त्याला नाण्याबद्दल काहीच माहिती नाहीये, कुठलंही वाकडंतिकडं नाणं आणलं तरी त्याला खरं ठरायचंय. एवढं बघून मग प्रूफ वाचायला घे, तुला आपोआप शोधावंसं वाटेल की ही ढिलाई नेमकी कुठल्या ओळीत शिरली, आणि असं काहीतरी शोधत वाचलं की तिसऱ्या ओळीला हात सुटत नाही.

लिनिअर अल्जेब्रात प्रत्येक चिन्हाच्या खाली त्याचा साइज लिहायची सवय लाव, हे एन बाय डी, हे डी बाय वन, निम्म्या चुका तिथेच सापडतात. थिअरम अंगावर आला की आधी डी बरोबर एक ठेवून बघ, मग टू बाय टू हाताने कर, मग कुठल्याही साइजचं. आणि एकदा लॉजिस्टिक रिग्रेशन पायटॉर्चशिवाय लिही, ग्रेडियंट वहीत काढ, कोडमध्ये उतरव, मग प्रत्येक वेट अगदी थोडासा हलवून लॉस किती बदलतो ते मोजून तुझ्या ग्रेडियंटशी जुळवून बघ. जुळलं की खात्री होते, नाही जुळलं तर चूक तुझी तुलाच सापडते, कुणाला विचारावं लागत नाही. तेच मग दोन लेयरच्या नेटवर्कला कर, बॅकप्रॉपची, म्हणजे लेयरमागून लेयर ग्रेडियंट काढत जाण्याच्या पद्धतीची, भीती तिथे संपते, कारण आत चेन रूलच आहे.

व्हिडिओ भरपूर आहेत आणि चांगले आहेत, एमआयटीच्या स्ट्रँग सरांची लिनिअर अल्जेब्राची लेक्चर्स, एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासच्या रवींद्रन सरांचा मशीन लर्निंगचा कोर्स, सगळं फुकट. जरूर बघ, पण मैदानाच्या कडेला बसून कुस्ती येत नाही हे तुमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. लेक्चर झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदावर फक्त थिअरमचं स्टेटमेंट लिही आणि प्रूफ आठवून नव्हे तर जुळवून लिहायला बस. अडलास तर नोट्समधली तेवढी एकच ओळ बघ, वही मिट, पुढे जा. रोज दीड तास, एवढंच. त्यासाठी या सेमिस्टरला कॅगलच्या स्पर्धा बंद, आर्काइव्हच्या साइटवर रोज येणारे पेपर बंद, सिनिअरच्या प्रोजेक्टमध्ये घुसणं बंद. ते सगळं तुला दुसऱ्या वर्षी करता येईल आणि तेव्हा जास्त कळेल.

चॅटजीपीटीला उत्तर मागू नकोस. आधी तू लिहिलेलं प्रूफ त्याला दे आणि विचार यात कुठली ओळ कच्ची आहे, किंवा ही अट काढली तर खोटं पडणारं उदाहरण दे. तेही काही वेळा चुकीचं प्रूफ अगदी ठामपणे देतं, आणि ती चूक तुला पकडता आली की समज तुझा अभ्यास चाललाय.

वर्गात सगळ्यांना कळतं म्हणतोस, तर ते सगळे कोण आहेत ते जरा बघ. एआयच्या एमटेकला बीएस्सी-एमएस्सी मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स केलेली मुलंही येतात, त्यांनी कॉलेजची सगळी वर्षं हेच केलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं कोड तासन्‌तास चालत नाही आणि ते रात्री एकटेच त्याच्याशी झगडत असतात. अशा एकाला गाठ, म्हण मी तुझा कोड बघतो, तू मला आठवड्याला दोन प्रूफं फळ्यावर समजाव, नंतर मी ती तुला समजावतो. मान्य करेल, त्यालाही गरज आहे. आणि सरांच्या ऑफिस अवर्सना जा. "मला कळत नाही" असं म्हणत जाऊ नकोस, ओळ दाखव, "इथे एक्स्पेक्टेशन बेरजेच्या आत कसं गेलं?" असं विचार. इंग्रजी अडखळत असेल तर प्रश्न कागदावर लिहून ने. इतका नेमका प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी कुठल्याही शिक्षकाला आवडतो, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

आता सोडण्याचं. एंडसेमच्या आधी सोडू नको असंच मी म्हणेन, कारण आता सोडलंस तर तुला कळणारच नाही की तुला हे जमत नव्हतं की तुझी पद्धत चुकत होती. फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरला या आठवड्यात भेट, एखादा कोर्स ड्रॉप करायची मुदत शिल्लक आहे का विचार, असेल तर एक इलेक्टिव्ह सोड आणि गणिताचे दोन धरून ठेव. स्टायपेंड चालू राहायला किमान किती सीपीआय (ग्रेडची सरासरी) लागतो तोही नियम वाचून घे, नुसत्या ऐकीव माहितीवर घाबरू नकोस. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो, त्यामुळे दार कायमचं बंद होत नाही, पण सीट मात्र जाते आणि पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहावं लागतं.

सेमिस्टर संपल्यावर ग्रेडपेक्षा एक गोष्ट बघ, न बघितलेल्या प्रश्नाची सुरुवात आता तुझी तुला सुचते का? सुचत असेल आणि ते करताना बरं वाटत असेल, तर ग्रेड कमी असला तरी राहा, पुढची सेमिस्टर्स याच पायावर असतात. आणि कळायला लागलं तरी नकोसंच वाटत असेल, मन कोड लिहिण्याकडे आणि सिस्टीम उभी करण्याकडेच ओढत असेल, तर खुशाल सोड. मॉडेल प्रॉडक्शनला चालवणं, डेटाच्या पाइपलाइन बांधणं, हे अवघड आणि मानाचं काम आहे आणि त्याला एमटेकची सक्ती नाही. फक्त ते काम आवडतं म्हणून तिकडे जा.

अशीच पत्रं अजून प्रवेश न घेतलेल्यांचीही येतात, नोकरी सोडून एमएल शिकू का, परदेशात जाऊ का. त्यांनी आधी गेटच्या डेटा सायन्स आणि एआय पेपरचा सिलॅबस काढावा, २०२४ पासून हा पेपर आहे, प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन असं सगळं त्यात ओळीने दिलंय. परीक्षा द्यायची नसली तरी नोकरी सांभाळून त्यातलं गणित तीन-चार महिने करून बघा, एनपीटेलचा एखादा बारा आठवड्यांचा कोर्स असाइनमेंटसकट पूर्ण करा. तेवढं टिकलात तर पुढचं बोला. जर्मनीत ट्युबिंगेनला मशीन लर्निंगचंच मास्टर्स आहे, त्या राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी, शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो (२०२५ चा आकडा) दाखवावे लागतात आणि कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस सर्टिफिकेट लागतं. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर ओपीटीचं, म्हणजे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसाठीची) आणखी दोन, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी आहे, तेव्हा घर किंवा शेत तारण ठेवून कर्ज काढत असाल तर ती लॉटरी लागली नाही तर हप्ते कुठून भरायचे ते आधी कागदावर मांडा. जायला हरकत नाही, पण गणिताची भीती तिकडे गेल्यावर जाईल या आशेवर जाऊ नका, तिकडचा पहिला महिनाही प्रोबॅबिलिटीचाच असतो.

तुझ्या मॅनेजरना साधा मेसेज टाक, सर, सेमिस्टर संपेपर्यंत मी इथेच आहे, डिसेंबरमध्ये नक्की काय ते कळवतो, तोवर जागा थांबवता येत नसेल तर मी समजू शकतो. ज्यांना तू खरंच हवा आहेस ते थांबतील, आणि नाही थांबले तरी दोन वर्षं अनुभवाचा आणि आयआयटीत एक सेमिस्टर केलेला माणूस बेकार राहत नाही.

आणि वडिलांना आजच फोन कर. बॅनर लावलाय म्हणून तू गप्प बसलायस, पण ते तुझ्या आवाजावरून केव्हाच ओळखून असतील. मार्क किती पडले ते सरळ सांग, इथला पेपर कसा वेगळा असतो ते सांग, अभ्यासाची पद्धत बदलतोय ते सांग. सोडणार आहे असं आत्ता म्हणू नकोस, कारण ते अजून ठरलेलं नाही. झोप लागत नाही हे मात्र त्यांनाही सांग.